आठव्या महिन्यातलं लेकरू: वसुबारस ते २२ डिसेंबर

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातून एका मुलाचा यांना फोन आला, बायको दवाखान्यात, लेकरू कमी दिवसांचं, काचेच्या पेटीत ठेवलं आहे. तो एकच गोष्ट विचारत होता, किती दिवस ठेवतात हो? यांनी फोन माझ्याकडे दिला आणि मी अर्धा तास बोलत बसले, तेव्हाच ठरवलं की आपलं सगळं एकदा तारखांसकट लिहून काढायचं. मी डॉक्टर नाही. आमच्याबाबतीत जसं झालं तसं सांगते, प्रत्येक लेकराचं वेगळं असू शकते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कापसाच्या पट्ट्यात. माझी तारीख होती २२ डिसेंबर २०२३. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच जायचं, भाऊबीजेला दारव्ह्याहून भाऊ येणार आणि घेऊन जाणार असं ठरलेलं. त्यामुळे बॅग भरलेली नाही, कागदं एका जागी नाहीत, काहीच नाही. माझं पहिलं सांगणं हेच की सातवा संपला की माता बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, दोघांचं आधार, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवा, माहेरी जायचं असो की नसो.

७ नोव्हेंबर, मंगळवार, रात्री साडेनऊ. भांडी घासून उठले आणि पाय ओले झाले. मला आधी वाटलं लघवी झाली, लाज वाटली म्हणून कोणाला बोललेही नाही. पाच मिनिटांनी परत. लघवीचा वास नव्हता आणि थांबवता येत नव्हतं, तेव्हा आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हाक मारली. त्या म्हणाल्या, "काहून वं, पाणी गेलं का?" आणि मग हळूच, स्वतःशीच म्हटल्यासारखं, "आठव्यात नको रे देवा." ते वाक्य मी पुढचे वीस दिवस डोक्यात घेऊन फिरले. सातव्यातलं जगते, आठव्यातलं जगत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे. मीही ऐकलेलं.

आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, गल्लीतच राहतात, त्या धावत आल्या. त्यांनी तीन गोष्टी केल्या: घड्याळ पाहून वेळ कार्डावर लिहिली, स्वच्छ सुती कापड लावायला देऊन पाण्याचा रंग पाहिला (हिरवट किंवा लालसर असेल तर डॉक्टरला आधी तेच सांगायचं), आणि १०८ ला फोन लावायला सांगितलं. इथे आमची चूक झाली. शेजारच्यांची गाडी दारात उभी होती म्हणून आम्ही १०८ ची वाट न पाहता तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो, जिथे माझी सोनोग्राफी झाली होती. तिथे दोन तास गेले. तपासलं, सोनोग्राफी केली, १८०० रुपये घेतले, वीस हजार भरून ॲडमिट व्हा म्हणाले आणि हे पैशासाठी फोन लावत असताना सांगितलं की लेकरू कमी दिवसांचं झालं तर पेटी आमच्याकडे नाही, ते दुसरीकडे न्यावं लागेल. हे दारातच सांगता आलं असतं. म्हणून कुठेही आत जायच्या आधी उभ्या उभ्या विचारायचं, कमी दिवसांच्या लेकराला ठेवायची सोय इथे आहे का? नाही म्हटलं की पुढे निघायचं. पोटात असताना लेकराला नेणं सोपं असते, बाहेर आल्यावर नेणं फार अवघड.

तिथून १०८ ने जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात. पोचलो तेव्हा रात्रीचे अडीच. तीन वाजता पहिलं इंजेक्शन दिलं, डेक्सामेथासोन, लेकराची फुफ्फुसं लवकर तयार व्हावी म्हणून. दर १२ तासांनी एक अशी चार. सोबत इन्फेक्शन होऊ नये म्हणून अँटिबायोटिक. ड्युटीवरच्या मॅडम म्हणाल्या, चारही पोचू दे, तेवढा वेळ मिळाला तर खूप झालं. मग मी आणि आत्याबाई घड्याळ पाहत बसलो. पहाटे तीन, दुपारी तीन, परत पहाटे तीन, दुपारी तीन. चौथं ९ तारखेला, वसुबारसेच्या दुपारी दिलं तेव्हा कळा सुरू होऊन गेल्या होत्या, आणि पाच पन्नासला पोरगा झाला. नॉर्मल. ३३ आठवडे ६ दिवस.

तो रडला. बारीक, मांजराच्या पिल्लासारखा, पण रडला. मला दाखवला न दाखवला आणि घेऊन गेले. कुशीत देतील असं वाटलं होतं. त्या रात्री माझ्या बाजूच्या पलंगावर सगळ्यांजवळ लेकरं आणि माझ्याजवळ नुसती दुपटी. हे होणार आहे हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते. घेऊन जातात म्हणजे काही वाईटच झालं असं नसते. त्याला श्वास घ्यायला जोर लागत होता, कण्हल्यासारखा आवाज येत होता, म्हणून नाकाला छोट्या नळ्या लावून हवेचा दाब दिला, सीपॅप म्हणतात. दीड दिवस होता. श्वास घ्यायचं विसरू नये म्हणून कॅफिनचं औषधही होतं, चहा-कॉफीत असते तेच कॅफिन. इतक्या कमी दिवसांची लेकरं मधूनच श्वास थांबवतात, मेंदूची ती सवय अजून लागलेली नसते.

एसएनसीयू, म्हणजे नवजात लेकरांचा खास कक्ष, तिथे मी पहिल्यांदा गेले १० तारखेला सकाळी. दारातच सिस्टर म्हणाल्या, कोपरापर्यंत हात धुवा, आणि बांगड्या काढा. माझ्या हातात डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या होत्या, दोन्ही हातात एक एक डझन. बाळंतपणाच्या सुजेने हात फुगलेले, बांगडी सरकत नव्हती. सिस्टर म्हणाल्या फोडून टाका. आत्याबाईंचा चेहरा एकदम उतरला, सवाष्णीच्या हातची, त्यातही पहिल्या खेपेची बांगडी अशी वाढवायची कशी. त्यांनी नळाखाली माझा हात धरला, साबण लावला, आणि एक एक करून चोवीसच्या चोवीस काढल्या. एकही फुटली नाही. पदराच्या टोकात बांधून ठेवल्या. मला तोवर त्यांचा राग होता त्या आठव्या महिन्याच्या वाक्यामुळे, तो तिथे नळावर पुष्कळ कमी झाला.

आत वॉर्मरवर तो. पोटाला चिकटवलेला सेन्सर, पायाला लाल लाईट, हातात सलाईन, तोंडातून पोटात जाणारी नळी. पाठीवर आणि खांद्यावर बारीक लव, कानाची पाळी इतकी मऊ की दुमडली तर तशीच राहायची. मशीन मधून मधून वाजायचं आणि माझा जीव जायचा. दोन दिवसांत कळलं की बहुतेक वेळा पायाची पट्टी सैल होते म्हणून वाजते. सिस्टरकडे पाहायचं. त्या शांत असतील तर आपण शांत.

आता दुधाचं. हे मी सगळ्यात जास्त सांगणार आहे कारण हे कोणी सांगत नाही. ३४ आठवड्यांच्या आधीच्या लेकराला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमत नाही, म्हणून अंगावर पाजता येत नाही. दूध काढून द्यायचं. आणि लेकरू ओढत नाही म्हणून दूध आपोआप येतही नाही, हाताने काढावं लागते, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी मी उकळलेली स्टीलची वाटी घेऊन मातांच्या खोलीत बसले, पाऊण तास, आणि वाटीत काय आलं तर बुडाला पिवळा चिकट थर, वाटी तिरपी केली की एका बाजूला गोळा होईल एवढाच. मला रडू आलं. सिस्टरने तो सिरिंजमध्ये ओढून घेतला, दीड मिली झाला, म्हणाल्या, "अगं हा चीक आहे, याच्या एका थेंबाला सोन्याचा भाव आहे, त्याला आत्ता लागते तरी किती?" खरंच, दुसऱ्या दिवशी त्याला नळीने सुरू केलं ते दर दोन तासांनी ३ मिली. अर्धा चमचा.

माझ्या शेजारी पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक कोलाम बाई होती, तिला जुळी. तिने मला दाखवलं की बोटं निपलवर न दाबता मागे काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं मग एकत्र आणायची. तिसऱ्या दिवशी १५ मिली, पाचव्या दिवशी वाटी भरली. काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या आत वापरायचं, झाकून, वर वेळ लिहून. आणि बाळंतिणीने पोटभर खायचं. लेकरू पेटीत आहे म्हणून घास उतरत नाही हे खरं, पण मी दोन वेळा उपाशी राहिले तर अंगात उभं राहायची ताकद नव्हती.

वॉर्डात भेटायला येणारी प्रत्येक बाई ते आठव्या महिन्याचं बोलून जायची. कोणी वाईट मनाने नाही. शेवटी ११ तारखेला राऊंडला मी डॉक्टरांना सरळ विचारलं, सर आठव्यातलं जगत नाही म्हणतात ते खरं का? ते थांबले, हसले नाहीत. म्हणाले, "पोटात एकेक आठवडा जास्त राहिलं की तेवढं बरं. सातव्यातल्यापेक्षा आठव्यातलं लेकरू कधीही जास्त तयार असते." मग आत्याबाईंना बाहेरून बोलावून त्यांनाही तेच सांगितलं. आत्याबाई बाहेर येऊन इतकंच म्हणाल्या, "आमच्या वेळी हे सांगणारं कोणी नव्हतं." त्यांचं एक लेकरू आठव्यात गेलं होतं, हे मला लग्नाला तीन वर्षं होऊन त्या दिवशी कळलं.

१२ ला लक्ष्मीपूजन. दवाखान्याच्या आवारात कोणीतरी पणत्या लावलेल्या. त्याच दिवशी त्याला कावीळ चढली, डोळ्यावर पट्टी बांधून निळ्या लाईटखाली ठेवलं, दोन दिवस. कमी दिवसांच्या लेकराचं लिव्हर कच्चं असते म्हणून हे पुष्कळांना होते. आणि वजन उतरत गेलं. जन्माच्या १८७० ग्रॅमवरून पाडव्याला १७२५. मी हादरले. पहिल्या आठवड्यात वजन उतरतेच, ही लेकरं जन्माच्या वजनाला परत यायला दोन आठवडे घेतात, हे सिस्टरने समजावलं. आमचं झालं २३ तारखेला, १८७५, चौदाव्या दिवशी. तोवर मी रोज सकाळी काट्यासमोर उभी, पाच ग्रॅम वाढले तर यांना फोन, पाच ग्रॅम कमी झाले तर फोन नाही.

भाऊबीजेला भाऊ आला, मला न्यायला म्हणून ठरलेला, तो दवाखान्यात. ओवाळायला ताट नव्हतं, सिस्टरच्या टेबलावरची काडेपेटी मागून आणली आणि चहाच्या बशीत वात लावली.

कांगारू मदर केअर तिसऱ्या दिवशी सुरू झालं, सीपॅप निघाल्यावर. लेकराला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट, आपण समोरून उघडं, आणि त्याला छातीवर उभं चिकटवायचं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला, मग वरून कापडाने बांधायचं. कोलंबिया देशात १९७८ साली पेट्या कमी पडायच्या म्हणून हे सुरू झालं असं आम्हाला सांगितलं. आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याचा पट्टा सगळ्यात चांगला बसला, धुऊन धुऊन मऊ झालेला. एका वेळी कमीत कमी तासभर, दिवसभरात आठ तास तरी, जास्त झालं तर चांगलंच. पहिल्यांदा तो छातीवर आला तेव्हा मशीनवरचे आकडे पाच मिनिटांत शांत झाले, आणि माझ्या वाटीत त्या दिवशी दुप्पट दूध आलं.

मी थकले की कोण? सिस्टरनी यांना बोलावलं. हे घरी कापसाची वेचणी सोडून आलेले, पऱ्हाट्यांनी बोटं ओरबाडलेली, ते हातच लावायला तयार नव्हते, माझे हात खरबरीत आहेत म्हणाले, पोराला लागेल. सिस्टर म्हणाल्या हात नको, छाती द्या. आंघोळ करून, शर्टाची बटणं सोडून बसले खुर्चीत, दीड तास हलले नाहीत. घाम आला तरी पुसला नाही. बापाच्या अंगावरही लेकरू तेवढंच गरम राहते, त्यामुळे बाप लोकांनी लाजू नये.

नवव्या दिवशी नळी निघाली आणि पलाडाई सुरू, म्हणजे आपलं बोंडलंच, तशीच चोच. दर दोन तासांनी २२ मिली. एक फीड पाजायला पाऊण तास लागायचा, निम्मं गळ्यावर. पंधराव्या दिवसापासून अंगावर लावायला सुरुवात केली, चार वेळा ओढायचा आणि झोपायचा. सुटी कधी देतात त्याचं उत्तर इथे आहे: तोंडाने पूर्ण पिते, पेटीशिवाय गरम राहते, आणि तीन दिवस सलग वजन वाढते. किती दिवस ते कोणी आधी सांगू शकत नाही. आम्हाला एकोणीस लागले.

कागदांचं आणि पैशाचं थोडक्यात. एसएनसीयू, औषधं, तपासण्या, रक्त, घरी सोडायची गाडी, सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत झालं. नॉर्मल बाळंतपण म्हणून माझं जेवण तीन दिवस दवाखान्याचं, पुढे आपलं. आमचा खर्च साडेआठ हजारांच्या आसपास: ते खाजगीचे १८००, जाणं-येणं (आत्याबाईंना एसटीत अर्धं तिकीट, त्याचा फार आधार झाला), डबे, कपडे, टोप्या, एक डिजिटल थर्मामीटर. वेचणीला मजूर लावले तो हिशेब वेगळा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, २१ दिवसांच्या आत पैसे लागत नाहीत. यांनी घाईत माझं माहेरचं नाव लिहिलं होतं, आधारवर सासरचं, नोंद व्हायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो. आधार समोर ठेवूनच फॉर्म भरा. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी थांबू नका, नाव वर्षभरात फुकट टाकता येते. मातृवंदना योजनेचा दुसरा हप्ता, २००० रुपये, याच दाखल्यावर आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसींच्या नोंदीवर मिळतो.

२८ नोव्हेंबरला सुटी, वजन १९७०. बाहेर अवकाळी पाऊस, गारठा, आणि शेतात फुटलेला कापूस भिजत असलेला. गाडीत मी त्याला छातीला बांधूनच आणलं. घरी आत्याबाईंनी खोली तयार केलेली, शेगडी, ओवा, वावडिंग, धुरीची सगळी तयारी, घुटीची सहाण धुऊन ठेवलेली. मी काही बोलायच्या आत आशाताई म्हणाल्या, "मावशी, शेक तुमच्या लुगड्याचाच, धूर नको. याची फुफ्फुसं अजून कोवळी आहेत." घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही, फक्त दूध आणि डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डी व आयर्नचे थेंब. आंघोळ नाही, कोमट फडक्याने पुसणं. आत्याबाईंना वाईट वाटलं, पण दुपारी मी झोपले की त्याच लेकराला छातीशी बांधून बसायच्या, पोथी पुटपुटत.

आशाताईंच्या घरच्या भेटी आपल्याकडे सुरू झाल्या त्याचं मूळ आपल्याच विदर्भात आहे, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना नवजात लेकरांची काळजी शिकवली, त्यावरून. मला त्याचा उपयोग ४ डिसेंबरच्या रात्री झाला. तो झोपेत भराभर श्वास घ्यायचा, मग थांबायचा, मग परत. ताईंनी शिकवलेलं, पोटाकडे पाहून पूर्ण मिनिट मोजायचं, ६० च्या वर गेलं, छाती आत ओढली गेली, ओठ निळे झाले, पोट आणि तळपाय थंड लागले, दूध सोडलं, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट पाहायची नाही. मी मोबाईलच्या उजेडात मोजलं, ४८. थांबणं पाच-सात सेकंदांचं. कमी दिवसांच्या लेकरात असं थोडं थोडं थांबणं चालते, वीस सेकंदांपर्यंत गेलं तर धोका. तरी मी रात्रभर जागी, सकाळी ताईंना बोलावलं तेव्हा तो मजेत पीत होता.

डोळ्यांची तपासणी चुकवू नका. हात जोडून सांगते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या लेकरांच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण झालेल्या नसतात, आणि बिघाड बाहेरून दिसत नाही. जन्मापासून ३० दिवसांच्या आत पहिली तपासणी. आमची ६ डिसेंबरला. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, क्लिप लावतात, लेकरू फार रडते, पाहवत नाही, पण दोन मिनिटांचं काम. आधी लगेच पाजू नका, उलटी होते. वाहिन्या अजून कडेपर्यंत पोचल्या नाहीत म्हणून २० ला परत, मग ३ जानेवारीला, तेव्हा म्हणाले झालं, आता नियमित तपासणीला या. कानाची तपासणीही त्याच फेरीत उरकली.

लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या आणि वाढ ठरलेल्या तारखेपासून मोजायची, हे कळायला मला वेळ लागला. दीड महिन्याची पेंटा त्याला २१ डिसेंबरला दिली, तो खरा यायच्या एक दिवस आधी. २२ ला मी नुसतीच त्याच्याकडे पाहत बसले, २६४० ग्रॅम, पोटातून आजच आला असं धरलं तर ठीकच. शेजारणीचं त्याच्या बरोबरीचं लेकरू जानेवारीत हसायला लागलं, आमचा नाही, आणि लोकं विचारू लागले. डॉक्टर म्हणाले २२ डिसेंबरपासून सहा आठवडे धरा. आत्याबाईंनी कालनिर्णयवर त्या तारखेला पेन्सिलीने गोल केला आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकीला तो दाखवायच्या.

६ फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी, त्या त्याला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या. मी चुलीजवळ होते. "सूनबाई, इकडं ये, पहाय," एवढंच म्हणाल्या. तो त्यांच्या तोंडाकडे पाहून हसत होता, आणि त्यांचे दोन्ही हात तेलाचे, डोळे पुसता येईनात.